बरडावरची जीप

दुष्काळाच्या साली नगरहून दोन सरकारी जीपांत वायरलेस बसवून दिले होते. बिनतारेचा टेलिफोन, असं लोक म्हणत. त्यातली एक जीप कोल्हारचा गोरक्ष चालवायचा, फोनही तोच सांभाळायचा. दुसरी पटकीच्या लसी टोचत फिरणाऱ्या डॉक्टर बोरांकडे होती. तिच्या फोनवर सहादेव असे.

त्या दुपारी गोरक्ष तिसगावच्या पुढं, पाझर तलावाच्या कामावर होता. दगड उचलताना कामावरच्या मालनबाईच्या हाताला फुरसं चावलं. बायकांनी तिला लिंबाखाली निजवलं. गोरक्षनं फोन उचलला, पण त्या खोलगटात नुसती खरखर. त्यानं जीप शेजारच्या उंच, खडकाळ बरडावर चढवली, तेव्हा कुठं सहादेवचा आवाज लागला.

"इंजेक्शन डॉक्टरांच्या पेटीत हाय," सहादेव म्हणाला. "आमी पाथर्डीच्या अलीकडंच हाय. पण तुजा तलाव कुठंशी ते ठावं न्हाई. वाट सांगत ऱ्हा. ओव्हर."

गोरक्ष सांगत राहिला. तेवढ्यात मालनबाईचा नवरा, कारभारी, धापा टाकत वर आला.

"सायेब, गाडी खाली घ्या. तिच्या हिरड्यातनं रगात यायलंय. नगरला नेऊ."

"नगर लई लांब हाय, मधी करंजीचा घाट. डॉक्टर जवळ आलेत."

"कुठं हायेत? मला तर दिसंनात."

गोरक्ष पाथर्डीच्या दिशेला बघत राहिला. खाली गेलं की आवाज तुटणार आणि डॉक्टर या ओढ्या-ओघळींत भटकत बसणार. इथंच थांबावं आणि ते वेळेवर आलेच नाहीत, तर दारात गाडी उभी असताना बाई मेली असं होणार. लिंबाखाली बायका मालनबाईवर लुगड्याची सावली धरून उभ्या होत्या. तिकडं बघायचं त्यानं टाळलं.

"ओढ्यापाशी दोन वाटा फुटल्यात," फोन बोलला. "कुठली धरू? ओव्हर."

गोरक्ष बोलणार, तोच कारभारीनं त्याच्या हातातला फोन हिसकला. बटन दाबायचं हे त्यानं बघून ठेवलं होतं. "या की हो लवकर. तिचा हात सुजून टम्म झालाय. लेकरं हायेत तिला. ऐकताय न्हवं? बोला की."

"बटन सोडा, कारभारी. तुमी दाबून धरलंय तवर तिकडचं ऐकू येत न्हाई."

तो सोडीना. आपण बोलतोय तोवर कुणीतरी येतंय, असं त्याला वाटत असावं. गोरक्षनं त्याची बोटं उचकटून फोन काढून घेतला.

"सहादेव, डावी वाट धर. डावी. ओव्हर."

खरखर. त्यानं परत सांगितलं. परत खरखर. कारभारी जीपच्या चाकाला टेकून खाली बसला.

मग अगदी बारीक आवाज आला. "तुजी वाट बघून उजवीकडं वळलो... खडीचा ढीग लागलाय..."

खडीचा ढीग खाणीच्या रस्त्याला होता. गोरक्ष एकेक शब्द सुटा करून बोलला, "माघारी फिर. ओढ्यापाशी ये. तिथनं डावीकडं. कळलं का? ओव्हर."

"कळलं. फिरतोय."

त्यानंतर काहीच नाही. गोरक्षनं बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन चालू ठेवलं होतं, तेवढीच घरघर. कारभारी एकदाही त्याच्याकडं बघत नव्हता. एकाएकी तो उठला आणि उताराला पळत सुटला. बाभळींच्या मागं धुरळा दिसत होता.

डॉक्टरांनी लिंबाखालीच सुई टोचली आणि मालनबाईला आपल्या जीपमधून नगरला नेलं. ती वाचली. मात्र उजव्या हाताची दोन बोटं आखडली ती आखडलीच.

पुढच्या आठवड्यात गोरक्ष मालनबाईला बघायला नगरच्या दवाखान्यात गेला. कारभारी म्हणाला, "त्या टायमाला तुमी गाडी काढली असती तर बोटंबी वाचली असती. मला आजून तसंच वाटतंय."

"आसंल," गोरक्ष म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं.

कारभारी चहा आणायला म्हणून बाहेर गेला. गोरक्ष निघायला उठला.

"बसा, भाऊ," मालनबाई म्हणाली. "ते चहा तुमच्यासाठीच आनायला गेल्यात."

तो बसला.