शपथेचा हात

मी एक जुना सागवानी क्रूस आहे. उरणच्या खाडीकाठी, मिठागराच्या बांधावर उभा असतो. चर्चमधल्या क्रुसांसारखा माझा थाट नाही. मला ना चांदीचा पत्रा, ना डोक्यावर छप्पर. पावसात भिजतो, उन्हात तडकतो, आणि बगळे माझ्या खांद्यावर बसून जे काय करायचं ते करून उडून जातात. तरीपण मित्रांनो, एके काळी आसपासच्या तीन वाड्यांत माझा असा दरारा होता की खोटं बोललेला माणूस मला वळसा घालून घरी जायचा. त्या दराऱ्याची ही हकिकत. ती काही चांगली नाही. पण माझ्यावाचून ती पुरती कुणाला ठाऊकही नाही.

जन्माने मी एका मचव्याची डोलकाठी. मचवा वादळात फुटला आणि मी वाहत येऊन चिखलात रुतलो. नामा सुताराने मला उचललं, दोन तुकडे केले, खाचेत खाच बसवली. नामा काही किरिस्तांव, म्हणजे ख्रिस्ती, नव्हता. त्याने आधी आपल्या देवाला हात जोडले आणि मग माझ्यावर तासणी चालवली. दोन्ही देवांनी ते चालवून घेतलं. होडीतून पाद्री आले, पवित्र पाणी शिंपडलं, आणि १९१९ सालच्या मे महिन्यात मी इथे उभा राहिलो.

दरवर्षी तीन मेला माझा सण. त्या दिवशी मला चुना लावायचे, झेंडूची माळ घालायचे. तिन्हीसांजेला सगळे गुडघे टेकून लदीन म्हणायचे. लदीन म्हणजे मारियेच्या नावांची लांबच लांब प्रार्थना. एकाने नाव सांगायचं, बाकीच्यांनी 'आमच्यासाठी विनंती कर' म्हणायचं. मग पानावर उकडलेले चणे वाटायचे. किरिस्तांव ते घेत आणि आगरीही घेत. चण्यांना कुणी जात विचारली नाही.

पण माझं खरं काम वेगळंच होतं. गावात तंटा झाला की दोघांना माझ्यापुढे आणायचे. उजव्या मुठीत मीठ घ्यायचं, ती मूठ माझ्यावर ठेवायची आणि शपथ घ्यायची. मग सणापर्यंत थांबायचं. ज्याचा हात धड राहील तो खरा, ज्याचा हात बिघडेल तो खोटा. आणि एक नियम कडक होता: शपथेच्या हाताला सणापर्यंत औषध लावायचं नाही. औषध लावणं म्हणजे देवाच्या कामात लुडबुड.

एकदा भिकूने कोंबडी चोरून खोटी शपथ घेतली आणि आठवड्यात त्याच्या अंगठ्याला गळू झालं. माझी कीर्ती पार अलिबागपर्यंत गेली. गळू कशानं झालं ते मला काय माहीत? मी लाकूड. पण कौतुक कुणाला नको असतं? मी गप्प राहिलो. तसा मी गप्पच असतो, मित्रांनो. पण त्या वेळचं गप्प राहणं मला गोड लागलं होतं. ती माझी चूक.

आता रुझायचं सांगतो. रुझाय मिठागरावर मीठ वाहायची. सकाळी डोक्यावर रिकामी टोपली घेऊन जाताना ती माझ्यापाशी थांबायची आणि शेजारणीशी बोलावं तसं बोलायची. "आज कंबर धरलीय रे बाबा, जरा बघ." पुढे चालू लागायची. तिचा नवरा कैतान उघाडी सांभाळायचा. उघाडी म्हणजे बांधातलं फळ्यांचं दार. ते उघडलं की भरतीचं पाणी मिठागरात येतं, आणि चुकीच्या वेळी उघडलं तर ते कुणाचं ऐकत नाही. या दोघांच्या वर होता सिमाव मुकादम. मिठागर त्याच्या हाताखाली चालायचं. लदीन सांगणाराही तोच. गळा गोड, मिशा तेलाने चमकणाऱ्या, आणि सणाला गुडघे टेकण्यात पहिला नंबर.

१९२८ सालची दिवाळी. अमावास्येला भर दुपारी खाडीला उधाण आलं. बांधापलीकडे भात पिकून उभं होतं, कापणीला आठ दिवस होते. मुकादम उघाडीपाशी आला. मी तिथून वीस पावलांवर. शब्द न् शब्द ऐकला.

"कैतान, उघड."

"मुकादम, भात उभा हाय अजून. मधला बांध कच्चा हाय."

"यंदा मीठ सगळ्यांच्या आधी पडलं पायजे. मालकाला मी शब्द दिलाय. उघड सांगतो ना!"

कैतानने उघडलं. घटकाभरात मधल्या बांधाला खांड पडली आणि खारं पाणी भातात शिरलं. कैतान दार परत लावायला धावला. फळीची लोखंडी पट्टी सुटली आणि त्याचा उजवा तळवा उभा फाडून गेली. तोवर मुकादम घरी पोचला होता.

दुसऱ्या दिवशी तिन्ही वाड्या माझ्यापुढे जमल्या. धर्मा पाटलाचं सगळं शेत गेलं होतं. त्याची बायको ठमी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"तीन वरसं त्या जमिनीत गवत उगवायचं न्हाय," ती ओरडली. "उघडला कोनी?"

"ह्यानं," मुकादम म्हणाला. "ताडी पिऊन आलेला. मी तर बाजारात व्हतो."

"मुकादम!" कैतान एवढंच बोलला. त्याला भांडता येत नसे.

धर्माने शपथ मागितली. मुकादमाने मूठभर मीठ घेतलं, माझ्यावर हात ठेवला आणि लदीन म्हणायच्या त्याच गोड गळ्याने खोटं बोलला. मग कैतानने फाटलेल्या तळव्यात मीठ धरलं. त्याच्या कपाळावरची शीर फुगली, पण आवाज हलला नाही. खरं ते बोलला. त्याचं रक्त माझ्या लाकडात मुरलं.

नाताळपर्यंत तो हात मनगटापर्यंत सुजला. रुझाय आता कंबरेचं बोलेना. रोज एकच मागणं: "हात बरा कर. दुसरं काय नको. सणाच्या आधी हात बरा कर." वाटेने जाणाऱ्या ठमीने एकदा ऐकलं आणि थांबली.

"माग गो, माग. खोट्याचा हात बरा कराया देव काय रिकामा बसलाय?"

रुझायने टोपली डोक्यावर घेतली आणि मिठागराकडे चालू लागली.

त्याच महिन्यात मुकादमाच्या शपथेच्या हाताच्या बोटात शिंगाळा माशाचा काटा घुसला. तो माझ्याच सावलीला आला, इकडेतिकडे पाहिलं, खिशातून मुंबईच्या औषधाची बाटली काढली आणि बोटावर ओतली. तपकिरी थेंब माझ्या पायावर पडला. चार दिवसांत बोट खणखणीत. हे फक्त मी पाहिलं, आणि मला तोंड नाही.

माघात रुझायने कैतानला माझ्यापाशीच गाठलं.

"उरणला सरकारी डागदर हाय. होडी सांगितलीय मी. चल."

"आनि लोक काय बोलतील? औषध लावला, म्हंजे खोटाच व्हता."

"लोकांना काय जातंय बोलाया? हात तुजा सडतोय!"

"माजा हात खरा हाय, रुझाय. ज्याच्या नावानं ठेवलाय तो बघून घेईल ना?" आणि तो माझ्याकडे पाहून हसला.

मित्रांनो, माझ्याकडे पुष्कळांनी भीतीने पाहिलं होतं. तो पोरासारखा विश्वास मला सोसला नाही. एवढं वादळ खाल्लेलं माझं लाकूड, पण त्या क्षणी भुग्यासारखं झालं. रुझायनेही मग होडी परत पाठवली. तीही त्याच गावची. तिलाही वाटलं, थोडं थांबावं, आपण अविश्वास दाखवला तर देव रागवायचा. ती तिथेच गुडघे टेकून उन्हं कलेपर्यंत बसून राहिली. मी काहीच केलं नाही.

चैत्रात हाताला वास यायला लागला. ठमी एकदा जवळून गेली, थबकली, आणि पदर नाकाला लावून परत आली.

"अगो रुझाय, ह्याला ने गो," ती हळूच म्हणाली. "माज्या भाताचं मरू दे. ने ह्याला."

तेव्हा कुठे रुझाय त्याला होडीत घालून घेऊन गेली. डॉक्टरने हात मनगटापासून कापला आणि सांगितलं, दोन महिने आधी का नाही आणला?

तीन मे उजाडला. मला चुना लावला, माळ घातली. कैतान थोटा हात फडक्यात गुंडाळून सगळ्यांच्या मागे बसला. धर्मा म्हणाला, "झाला निवाडा." बाकीच्यांनी माना हलवल्या. मुकादमाने आपला धडधाकट उजवा हात छातीवर ठेवून लदीन सुरू करायला तोंड उघडलं, आणि रुझाय उभी राहिली.

"मुकादम, एक इचारू? तुमी रोज ज्याचं नाव घेता, त्याच्या हातांची काय गत केली व्हती?"

रुझायने आपले दोन्ही तळवे वर धरले.

"एक न्हाय, दोनी हात. खिळं ठोकलं. खाली उभं राहून लोकबी हेच बोललं असतील, झाला निवाडा. मंग तो खोटा व्हता काय? तुमी लदीन सांगता, तुमीच सांगा."

खाडीवरून वारा आला. ठमीने मान खाली घातली. मित्रांनो, मला वाटलं, आता कुणीतरी उठेल. मुकादम खाकरला. म्हणाला, "चणे गार व्हतायत," आणि पहिलं नाव सांगितलं. आणि सगळा गाव एका सुरात म्हणाला, "आमच्यासाठी विनंती कर." चण्यांचं पान वाटत वाटत शेवटच्या रांगेपर्यंत आलं आणि कैतानला वगळून पुढे गेलं.

श्रावणात कैतान गेला. जखमेचं विष अंगात भिनलं होतं. मुकादम आणखी नऊ वर्षं जगला. झोपेत सुखाने मेला, त्याच्या उजव्या हातात रोझरी होती. अंत्ययात्रा माझ्यासमोरून गेली तेव्हा लोक म्हणत होते, पुण्यवान माणूस, मरणसुद्धा कसं छान आलं.

रुझाय अजून येते. केस पिकलेत, टोपली तीच. पुष्कळ दिवस ती नुसती उभी राहायची. मग एकदा म्हणाली, "मागाया न्हाय आलेली. तुज्याकडं कायबी न्हाय, ठाव हाय मला. त्याचाबी हात कोनी धरला न्हाय, तुजाबी कोनी धरला न्हाय, म्हनून येते." आणि माझ्या आडव्या लाकडाला, जिथे हात ठोकायचे त्या टोकाला, आपला खरबरीत तळवा लावून ती थोडा वेळ राहिली.

आता माझं बूड वाळवीने पोखरलंय. मला नवा चुना नको, माळ नको. एवढंच मागतो, मित्रांनो: माझ्यावर कुणाचा हात ठेवायला लावू नका. आणि कुणाचा हात सुजलेला दिसला, तर तो खरा की खोटा हे मला विचारायला येऊ नका. पाणी गरम करा, जखम धुवा, आणि त्याच दिवशी त्याला घेऊन निघा. त्याने नको म्हटलं तरी निघा.