पहिली रांग

आक्काने किटली टेबलावर अशी ठेवली की तिघांच्याही कपांतला चहा हिंदकळला.

"हरलात ते हरलात, वर माझं टेबल कशाला बडवताय? संघ तुमचा आहे, टेबल माझं आहे."

मैदानामागच्या कँटीनमध्ये मॅच संपल्यावर दर रविवारी हे तिघे बसत. तिचा धाकटा भाऊ टेलर होता, संघाच्या जर्सींवर आकडे शिवायचा. जावई शाळामास्तर. तिसरा तिचा नवरा. त्याची स्वतःची जुनी बस होती आणि बाहेरगावच्या मॅचना सगळे तिच्यातूनच जात, म्हणून सगळा गाव त्याला ड्रायव्हर म्हणायचा.

आजचा घाव ताजा होता. नव्या कोचचं ऐकून गोलकीपरने चेंडू लांब न मारता जवळच्याच खेळाडूला दिला. समोरच्याने तो मधेच उचलला आणि जाळ्यात घातला.

"एका चुकीने पद्धत वाईट ठरत नाही," जावई म्हणाला. "खालच्या लीगमध्ये आहोत म्हणून काय जन्मभर चेंडू नुसता भिरकावतच राहायचा?"

"जसे पाय तसा खेळ," ड्रायव्हर म्हणाला. "गोलकीपरने लांब मारावा, पुढे आपला उंच पोरगा आहे, तो डोकं लावेल. स्वतःच्या दारात बसून विणकाम कशाला?"

टेलर गालात हसला. "भाऊजी, 'चेंडू वरच मारायचा तर कबुतरं पाळा, संघ कशाला पाळता,' हे कोण म्हणायचं?"

"माणसाला अक्कल उशिरा येते."

"तुम्हाला आली ती उलटीच आली. गेल्या वर्षापर्यंत सगळ्यांत वरच्या रांगेत बसायचात. वरून पासची नक्षी दिसते म्हणायचात. आता पहिल्या रांगेत, कठड्याला नाक लावून."

"गुडघा दुखतो."

जावई हसला. आक्का हसली नाही. कालच हा गुडघा खांद्यावर टायर घेऊन बसच्या टपावर चढला होता, तेव्हा त्याने चकार शब्द काढला नव्हता.

ड्रायव्हरने कपाकडे हात नेला. बोटं कपाच्या शेजारी टेबलावर पडली, तिथून चाचपत बशीपर्यंत गेली आणि मग त्यांना कान सापडला. बाकीचे दोघे वाद घालण्यात गुंग होते.

"पुढच्या रविवारी घाटापलीकडे जायचंय," टेलर म्हणाला. "सकाळी लवकरच निघायचं ना, भाऊजी?"

"उजाडलं की निघायचं."

"तुमची नातही येणार म्हणून हटून बसलीय, बाबा," जावई म्हणाला. "तुमच्या मागच्याच सीटवर बसायचंय तिला."

आक्काने नवऱ्याचा अर्धा प्यालेला कप उचलून नेला. तो बघत राहिला, पण कप गेल्याचं बोलला नाही.

सगळे पांगल्यावर ती कँटीनला कुलूप न लावताच मैदानाकडे गेली. या मैदानावर चहा विकता विकता तिचे केस पांढरे झाले होते, पण ती कधी मॅच बघायला बसली नव्हती. पहिल्या रांगेत, नवऱ्याच्या जागेवर बसली. मैदानात गोलकीपर एकटाच होता. सगळ्यांच्या शिव्या खाऊन झाल्यावर तो लांब किक मारत बसला होता.

आक्काने चष्मा काढून मांडीवर ठेवला. गवताचा नुसता हिरवा लगदा झाला. गोलकीपर म्हणजे एक पिवळा डाग. त्याच्या पायाशी चेंडू होता की नव्हता, देव जाणे. मग धप्प असा आवाज आला आणि त्या लगद्यातून एक पांढरा ठिपका वर निघाला. मोकळ्या आभाळात तो तिला अगदी सरळ दिसला, पार उतरेपर्यंत.

तिने चष्मा लावला, पदराने तोंड पुसलं आणि घरी गेली.

ड्रायव्हर दारासमोर बसची पुढची काच पुसत होता. काच लख्ख होती.

"किती पुसाल?"

"धूर बसलाय."

"काचेवर नाही बसला."

त्याचा हात थांबला, मग पुन्हा फिरू लागला. "घाट मला पाठ आहे."

"घाट पाठ असेल. समोरून येणारी गाडी पाठ आहे का?"

तो पायरीवर बसला. फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. डॉक्टरकडे तो एकटाच जाऊन आला होता. गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरने सांगितलं होतं.

"अगदीच आंधळा नाही झालो," तो म्हणाला. "वरचं दिसतं. चेंडू आभाळात गेला की चांगला दिसतो."

"रस्ता आभाळात नसतो."

मग त्याने किल्ली काढून पायरीवर ठेवली, दोघांच्या मधे.

"मग लोक मला हाक काय म्हणून मारणार?"

"मी कुठे ड्रायव्हर म्हणते? इतकी वर्षं 'अहो'वर भागलंय."

तिने किल्ली कमरेला खोचली.

रविवारी परका ड्रायव्हर बघून टेलरच्या भुवया वर गेल्या.

"भाऊजींचा गुडघा?"

"गुडघा माझा दुखतोय," आक्का म्हणाली. "म्हातारपणी मॅच बघायची हौस आलीय आणि हाताला धरायला माणूस हवाय. तू धरणार आहेस का? मग बस गपचूप."

घाटात ती नातीशेजारी बसली आणि समोरून येणारी प्रत्येक गाडी बघत राहिली.

मैदानावर पोचल्यावर तिने किल्ली परत मागून कमरेला खोचली, नवऱ्याचा दंड धरला आणि कण्हत, लंगडत एकेक पायरी चढत त्याला सगळ्यांत वरच्या रांगेत नेलं. टेलर आणि जावई पुढच्या बाकावर बसले. त्यांचा संघ पास देत खेळत होता.

मग गोलकीपर अडचणीत आला आणि त्याने पाय घुमवला. धप्प. सगळे उभे राहिले. ड्रायव्हरही उठला. आवाज झाला त्याच क्षणी त्याने तोंड वर केलं आणि मान हळूहळू डावीकडे नेली, जिथे उंच पोरगा उभा असायचा तिकडे. त्याच्या ओठांवर हसू होतं.

वाऱ्याने चेंडू उजवीकडे नेला होता.

आक्काने चेंडूकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तो रिकाम्या आभाळात डोळे लावून नसलेल्या चेंडूला खाली उतरवत होता.

"काय मारलाय, बघितलास?" तो म्हणाला.

किल्ली काढून घेतली त्याच्या आदल्याच आठवड्यात शाळेची सहल या माणसाने नेऊन आणली होती. आक्काचा हात कमरेच्या किल्लीकडे गेला आणि तिथेच राहिला.

टेलर मागे वळला. "भाऊजी, तिकडे कुठे? चेंडू तर..."

"तू पुढे बघ," आक्का म्हणाली.

टेलरने तिच्या तोंडाकडे पाहिलं, भाऊजींच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि तो पुढे वळला. त्या दिवशी त्याने पुन्हा कबुतरांचं नाव काढलं नाही.

सगळे खाली बसले. ड्रायव्हर सगळ्यांत शेवटी, हाताने बाक चाचपून बसला. खाली पुन्हा छोटे छोटे पास सुरू झाले. त्यांचा आवाज वरपर्यंत येत नव्हता.

"वाऱ्याने उजवीकडे नेला," ती पुढे बघत, त्याच्यापुरतं म्हणाली. "रेषेबाहेर गेला. परत आपल्याकडे आलाय. सहा नंबरकडे आहे."

त्याचे हात मांडीवर होते, स्टिअरिंग धरल्यासारखे. थोड्या वेळाने त्याने ते सोडले.

"मग?" त्याने विचारलं.

"आठला दिला," आक्का म्हणाली. "आठने परत सहाला."