ब्याण्णव किलोंचे अप्पा

“ॲव्हरेज काय देतंय?” वीरभद्र अप्पांनी विमानाच्या नाकाडावर थाप मारून विचारलं.

नरसिंगला हसू आलं, पण त्यानं ते मिशीतच ठेवलं. उभा जन्म त्यानं लातुरात ट्रॅक्टर विकले होते. माणूस पाच एकराचा असो की पन्नास, पहिला प्रश्न ॲव्हरेजचा, दुसरा जुनं झाल्यावर काय भाव येईल याचा आणि तिसरा, न विचारलेला, भावकी बघून जळेल का याचा. विमानाला वेगळे प्रश्न कशाला पडतील?

“तासाला अठरा-वीस लिटर, अप्पा. आपलं साधं पेट्रोल पितंय. सकाळी हितनं निघालात तर पाऊण तासात नांदेड.”

“आन् किंमत?”

“तुमाला म्हाईत हाय की.”

“मला हाय. हिला सांगा एकदा. माझ्यावर तिचा विश्वास न्हाई.”

शिवम्मा जीपच्या सावलीत पदर सावरून उभ्या होत्या. नरसिंगनं त्यांच्याकडं वळून अदबीनं सांगितलं, “दीड कोटीच्या पुढं जातंय, वहिनी.”

“अय्यो! दीड कोटी आन् सीटा दोनच?”

अप्पांबरोबर आलेली मंडळी खो खो हसली. त्यात त्यांचा पुतण्या होता, डाळमिलचा मुनीम होता, आणि उदगीरचे दोन-तीन बडे लोक होते, जे अप्पा जिथं जातील तिथं चहाला हजर असत. अप्पाही हसले. हसताना त्यांचं पोट सदऱ्यात मावेनासं होई.

शिरूर अनंतपाळच्या पुढं माळावर ही एक खासगी धावपट्टी होती. बाजूला पत्र्याचं शेड, शेडला लागून एका खोलीचं ऑफिस. कंपनी बाहेरची. या भागात सोयाबीनचा आणि क्लासेसचा पैसा आहे, तेव्हा हौसेचं विमान कुणीतरी घेईलच, असा तिचा हिशेब होता. बघायला लोक आले भरपूर. पंखाला टेकून फोटो काढून घेतले, चहा प्याले, “घरी विचारून सांगतो” म्हणून गेले ते गेलेच. शेवटी इथला मॅनेजर सत्यम, वयानं नरसिंगच्या पोरासारखा, त्याला सरळ बोलला होता: मे महिन्यात एक तरी खपलं पाहिजे, नाहीतर विमान परत आणि ऑफिसला कुलूप. विमान उडवणारी धम्मप्रिया भोकरच्या एका ग्रामसेवकाची मुलगी. तिला नोकरी कुठंही मिळाली असती. साठीच्या उंबरठ्यावरच्या जळकोटच्या नरसिंगला कुणी दिली असती? म्हणून आज अप्पांच्या तोंडून होकार निघणं ही त्याच्यापुरती लाखमोलाची गोष्ट होती.

आणि होकार निघणारच होता. अप्पांची लेक ऋतुजा नांदेडला दिलेली. रस्त्यानं जायचं म्हणजे शिवम्मांची कंबर धरायची. अप्पांनी मनाशी चित्र रंगवून ठेवलं होतं: आपण विमान चालवायला शिकायचं, बायकोला शेजारी बसवायचं आणि वरच्या वर लेकीकडं जायचं. साठी उलटलेल्या माणसानं बायकोसाठी असलं काही मनात आणावं, याचं नरसिंगला मनापासून कौतुक होतं. त्याच्या स्वतःच्या बायकोला त्यानं फार तर एसटीच्या खिडकीजवळची जागा धरून दिली होती.

धम्मप्रिया विमानाभोवती फिरून एकेक गोष्ट हात लावून बघत होती. तिची कपाळपट्टी घामानं भिजली होती. तिनं सकाळी सहाची वेळ दिली होती. अप्पा अकराला आले. मोठा माणूस वेळेवर आला तर तो मोठा कसला?

“काका, अप्पांचं वजन?” तिनं नरसिंगला हळूच विचारलं.

“ब्याण्णव.”

“काट्यावर केलं?”

“काट्यावरच की. सगळ्या उदगीरसमोर झालंय.”

ते खरं होतं. गेल्या थंडीत अप्पांच्या साठीला पेढेतुला झाली होती. चौकात मांडव, एका पारड्यात फेटा बांधलेले अप्पा, दुसऱ्यात पेढ्यांची खोकी. ‘ब्याण्णव किलो पेढेतुला’ असा भला मोठा फ्लेक्स महिनाभर लटकत होता. नरसिंग स्वतः त्या गर्दीत होता आणि त्यानं पेढाही खाल्ला होता. ऑफिसात वजनकाटा होता आणि धम्मप्रियाचा नियम होता की विमानात बसणाऱ्यानं आधी त्यावर उभं राहायचं. पण नरसिंगनं आज सकाळीच तो उचलून कपाटात ठेवला होता. “पोरी, उदगीरच्या अप्पांना काट्यावर उभं करतीस? बाजारातली तूर हाय का ती?” ट्रॅक्टर विकतानाही गिऱ्हाईकाला अवघडेल असा प्रश्न त्यानं कधी विचारला नव्हता. माणसाच्या अंगणावरून, चपलेवरून तो अंदाज बांधायचा. फ्लेक्सवर तर आकडाच छापलेला.

अप्पा विमानात चढले. चढले म्हणजे दोघांनी चढवले. काचेचं झाकण बंद झालं, पंखा गरगरला आणि विमान धुरळा उडवत पट्टीच्या टोकाला गेलं.

मग ते धावत सुटलं. धावपट्टीच्या मध्यावर एक पांढरा पट्टा होता. रोज धम्मप्रिया एकटी असली की त्याच्या कितीतरी अलीकडं चाकं सुटायची, दोघं असले की पट्ट्याजवळ. आज पट्टा आला, गेला आणि विमान धावतच राहिलं.

“लई पळून राहिलंय की हो,” शिवम्मा म्हणाल्या.

“हाव. ऊन हाय ना, वहिनी.”

पट्टीचं टोक दिसायला लागल्यावर चाकं सुटली. पलीकडच्या बाभळींच्या शेंड्यांवरून विमान जेमतेम निघालं आणि कासराभर चढायलाच त्याला दोन शिवारं लागली. एक लांबलचक फेरी मारून ते परत उतरलं, तेव्हा कुठं नरसिंगनं श्वास सोडला.

अप्पा खाली उतरले ते लहान लेकरासारखे लाल होऊन. “झकास! एकदम झकास! मांजऱ्याचं पाणी दिसलं, माझी मिल दिसली!” मिल तिथून दिसणं शक्य नव्हतं, पण कुणी तसं म्हणालं नाही. “नरसिंगराव, घेतलं! चेक काढ रे.” मुनीम बॅग उघडू लागला. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. सत्यम पेन घेऊन धावला.

धम्मप्रियानं नरसिंगला पंखाच्या सावलीत ओढलं.

“काका, अप्पा ब्याण्णव न्हाईत.”

“आं?”

“एकशे वीसच्या घरात असतील. मला हातातच कळालं. पट्ट्यापाशीच ब्रेक मारून थांबायला पाहिजे होतं, उगं उचलायची वाट बघत बसले. चूक झाली माझी. आणि मी एवढीशी, म्हणून उचललं तरी. हे दोघं नवरा-बायको बसले, टाकीत नांदेडपुरतं पेट्रोल भरलं, आणि असं ऊन असलं, तर ते बाभळीवरनं जायचं न्हाई. बाभळीत जाईल.”

नरसिंगच्या डोळ्यांपुढं तो चौक आला. अप्पांचं पारडं उचललं तेव्हा फार काही उचललं नव्हतं. धोतराचा सोगा खालपर्यंत लोंबत होता आणि त्यामागं एक पाय जमिनीला टेकलेला होता. पुढच्या रांगेतल्या सगळ्यांना तो दिसला होता. पेढे कमी पडले तर सत्कारमूर्तीनं जरा टेकून घ्यायचं आणि लोकांनी जरा जोरात टाळ्या वाजवायच्या, ही जुनीच रीत. त्यात कुणाचं काही बिघडत नाही. त्या दिवशी नरसिंगनंही टाळ्या वाजवल्या होत्या आणि आज तोच आकडा त्यानं या पोरीच्या हाती दिला होता. आपल्या भिडेपायी आज दोन जीव बाभळीत गेले असते.

“चूक तुझी न्हाई, पोरी. माझी हाय,” तो म्हणाला.

सत्यमनं त्यांचं बोलणं ऐकलं होतं. तो जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, “काका, आधी चेक घ्या. त्यांना शिकायलाच वर्ष जाईल. तोवर बघू. एकटे उडवतील.”

“एकटे कशाला उडवतील? वहिनींना बसवायलाच तर घेऊन राहिले.”

“ते त्यांचं ते बघतील. तुमच्या नोकरीचं बघा की.”

नरसिंगनं नोकरीचं बघितलं. अगदी क्षणभर, पण बघितलंच. मग तो अप्पांकडं चालत गेला. अडचण अशी होती की खरं सांगायचं तर फ्लेक्स खोटा ठरत होता, आणि तोही या सगळ्या चहाबाजांसमोर. उद्या उदगीरच्या प्रत्येक टपरीवर अप्पांचा तो पाय चघळला गेला असता. आणि न सांगावं तर बाभळी होत्याच.

“अप्पा, चेक ठेवा आत. हे तुमच्या कामाचं न्हाई.”

टाळ्या थांबल्या. अप्पांची भुवई वर गेली. “का? मी काय भिकारी वाटलो का?”

“तुमी न्हाई, अप्पा. हेच भिकारडं हाय.” ज्या मालाचं वर्षभर गुणगान गायलं, त्याच्या पंखावर नरसिंगनं हात आपटला. “म्हणायला शंभर घोड्यांचं, पण थंड मुलखातलं यंत्र हाय हे. आपल्या उन्हात निम्मे घोडे झोपत्यात. तुमी आन् वहिनी बसलात आन् पेट्रोल भरलं, की उचलायला कुथतंय. मी तुमाला हे गळ्यात मारणार न्हाई.”

“अन् आत्ता उडलं ते?”

“आत्ता संगं ही पोरगी होती. चिमणीएवढी.”

“म्हंजे वजनाचं…” अप्पा बोलता बोलता थांबले. सगळ्यांचे डोळे त्यांच्या पोटावर गेले.

“तुमच्या वजनाला काय झालंय?” नरसिंग घाईनं म्हणाला. “ब्याण्णव किलो म्हंजे भरल्या अंगाचा माणूस, बास. असल्या माणसाला आन् त्याच्या कुटुंबाला जे उचलत न्हाई, त्याला विमान म्हणायचं का? चूक माझी. तुमाला एवढ्या उन्हात बोलवायच्या आधीच मी सांगायला पाहिजे होतं.”

विकणारा माणूस स्वतःच्या मालाला शिव्या देतोय, हे मुनिमानं आयुष्यात प्रथमच ऐकलं. त्यानं चेकबुक बॅगेत टाकून चेन ओढली. उपरण्यानं अप्पांनी मान पुसली, मग परत पुसली.

शिवम्मा मात्र नरसिंगकडं टक लावून बघत होत्या. तुलेच्या दिवशी त्या मांडवात सगळ्यात पुढं, आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्या पुढं आल्या आणि म्हणाल्या, “दोघांचं जमत न्हाई, तर मला एकटीला बसवा की या पोरीसंगं. एवढ्या लांब आले, तशीच जाऊ? काटा हाय का तुमच्याकडं? आणा.”

“वहिनी, काटा कशाला…”

“आणा म्हणते ना, भाऊ!”

नरसिंगनं कपाटातून काटा आणला. चारचौघांत, उदगीरच्या बड्या लोकांसमोर, शिवम्मांनी चपला काढल्या, लुगड्याच्या निऱ्या हातात धरल्या आणि त्या काट्यावर उभ्या राहिल्या. वाकून स्वतःच मोठ्यानं वाचलं, “एकाहत्तर! चालतंय का ग पोरी?”

“पळतंय, आजी,” धम्मप्रिया हसली. मघापासून ती पहिल्यांदाच हसत होती.

“येनु री,” शिवम्मांनी नवऱ्याकडं वळून कानडीत ‘अहो’ म्हणून हाक मारली, “घाबरू नका. येते जाऊन.”

विमान पट्टीच्या टोकाकडं निघालं तेव्हा सत्यम नरसिंगपाशी आला. चिडलेला नव्हता, थकलेला होता. “काका, तुम्ही चांगलं केलं असेल. पण आता एकतीस तारखेला कुलूप. मी वर कळवतो.”

“कळव बाबा. तुझ्यावर राग न्हाई.” आणि खरंच नव्हता. उद्यापासून काय करायचं ते नरसिंगला माहीत नव्हतं. घरी सांगायचं म्हटलं की जिवावर येत होतं. पण आज रात्री झोप लागणार होती.

विमान धावलं. पांढरा पट्टा यायच्या आतच चाकं सुटली आणि ते सरळ वर चढत गेलं. मंडळी मोबाइल काढून शेडच्या पुढं धावली. सत्यम ऑफिसात गेला आणि मागं अप्पा न् नरसिंग दोघंच उरले. अप्पा डोळ्यांवर हात धरून बघत होते. विमानानं माळावरून वळण घेतलं तेव्हा काचेच्या आत हिरव्या पदराचा ठिपका दिसला आणि अप्पांनी उपरणं काढून जोरजोरात हलवलं. विमान दूर गेलं तरी ते हलवतच होते. मग हात खाली आला.

“नरसिंगराव,” ते वरच बघत म्हणाले, “त्या दिवशी पेढे कमी पडले होते.”

“न्हाई अप्पा,” नरसिंग म्हणाला, “इंजिन कमी पडलं.”

अप्पांनी उपरणं घडी करून खांद्यावर टाकलं. ऑफिसच्या दाराशी एकच खुर्ची होती. ती उचलून त्यांनी सावलीत आणली, नरसिंगपुढं ठेवली आणि तो बसेपर्यंत स्वतः उभे राहिले.