माझ्या तोंडावरचं चौथं नाव

मी एक जुना रंधा आहे. हातभर लांब, बीच झाडाच्या लाकडाचा. मित्रांनो, गुळगुळीत दारावरून हात फिरवताना तुम्हाला सुतार आठवतो, रंधा आठवत नाही. त्याची मला सवय आहे. आज मी माझं रडगाणं गायला बसलेलो नाही, सांगायचंय ते फर्गल हेशनचं.

आमच्या क्लेअर परगण्याच्या किनाऱ्यावर सुतारांची एक रीत आहे. शिकाऊ माणूस पक्का सुतार झाला, की उस्ताद आपला रंधा त्याला देतो आणि लोखंडी ठशांनी त्याचं नाव रंध्याच्या तोंडावर, म्हणजे पुढच्या टोकावर, ठोकतो. माझ्या तोंडावर तीन नावं होती. तिसरं मॅलकी टियर्नीचं, म्हणजे फर्गलच्या उस्तादाचं. त्याखाली बोटभर जागा कोरी.

मॅलकीने मला फर्गलच्या हाती दिलं, पण ठसे काढले नाहीत. "घाई काय आहे लेका? बघू पुढच्या वर्षी." अशी तेवीस वर्षं गेली. या काळात गावातले जिने, खिडक्या, चर्चची बाकं फर्गलने केली. घाम त्याचा आणि धार माझी. लोक म्हणायचे, "मॅलकीचा हात म्हणजे काय!" मॅलकी खुशाल मान डोलवायचा. त्याने दहा वर्षांत एक पाचरही ठोकली नव्हती.

फर्गलचा धाकटा भाऊ टायग ऑस्ट्रेलियात पर्थला असतो. मागच्या मार्चमध्ये त्याचा फोन आला. "दादा, खिडकीजवळचा कामाचा बाक तुझ्यासाठी रिकामा ठेवलाय. आता तरी ये. आपण दोघंच उरलोय." कुशल कारागिराचा व्हिसा मिळाला असता, पण वयाची पंचेचाळीस पुरी व्हायच्या आत. फर्गलचा पंचेचाळिसावा वाढदिवस नोव्हेंबरात. तो सुतारकामाच्या शाळेत न जाता हाताने शिकलेला, म्हणून त्याने सुतारकाम केलंय हे सांगणारं मालकाचं पत्र हवं होतं. बाकी सगळे कागद तयार होते.

आता आमच्याकडची माणसं कशी, ते ऐका. कुणाच्या घरी जाऊन थेट काही मागणं म्हणजे उद्धटपणा. आधी चहा, मग हवापाणी, मग हर्लिंगचा, म्हणजे आमच्या काठी-चेंडूच्या खेळाचा, सामना. शेवटी यजमानाने विचारायचं, "काही काम काढलं होतंस का?" मग पाहुण्याने लाजत सांगायचं.

फर्गल मला काखेत मारून गेला. निमित्त काय, तर "मालक, पातं जरा बघता का?" मॅलकीने पातं बघितलं, चहा दिला, सोडा ब्रेडला जाड लोणी लावून दिलं, गाईच्या पायाचं दुखणं सांगितलं. काय काम काढलंस, हे मात्र विचारलं नाही. साऱ्या गावाला ठाऊक होतं, त्यालाही होतं. फर्गल उठला, "बराय, येतो" म्हणाला. एप्रिलमध्ये असं झालं, जूनमध्ये झालं, ऑगस्टमध्येही झालं. मला त्या माणसाची कीव यायची आणि रागही यायचा. अरे, तोंड उघड की!

ऑक्टोबरात तो मला तिथेच विसरून गेला. त्या संध्याकाळी मॅलकीची बायको ब्रीद चिडली.

"सात महिने खेटे घालतोय तो. दे की पत्र लिहून!"

"देतो ना. मी कुठे नाही म्हणतोय?"

त्याने लिहिलं आणि वाचून दाखवलं. 'फर्गल हेशन हा अतिशय भला माणूस. तेवीस वर्षं माझ्या हाताखाली मदतनीस. फळ्या उचलतो, ढलप्या झाडतो, कधी उशीर करत नाही.'

"मॅलकी, तो सुतार आहे!"

"सुतार लिहिलं तर जाईल तो. मग दारं कोण करणार? तू?"

ब्रीदने चहाचे कप उचलले. मी टेबलावरच होतो. मला तोंड आहे, मित्रांनो, पण ते फक्त नावं ठोकून घ्यायला.

दुसऱ्या दिवशी मला न्यायला आलेल्या फर्गलच्या हाती मॅलकीने बंद पाकीट ठेवलं. फर्गलचे डोळे भरून आले. मालकाचं पाकीट फोडून बघणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास, म्हणून त्याने ते तसंच कागदांबरोबर पाठवलं.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी उत्तर आलं. 'आपल्या मालकांच्याच पत्रानुसार आपण सुतार नसून मदतनीस आहात. अर्ज नामंजूर.' फर्गलने ते तीनदा वाचलं. मग त्याने मला उचललं आणि अर्धवट राहिलेलं दार पुरं केलं. त्या दिवशी तो मला इतका जोरात दाबत होता, की माझं पातं लाकडात रुतत होतं.

वाढदिवसाला मॅलकी केक घेऊन आला. खिशातून त्याने ठसे काढले, मला बाकावर धरलं आणि एकेक अक्षर ठोकलं. फ-र्ग-ल हे-श-न.

"घे लेका. आजपासून तू पक्का सुतार! सोमवारी आठला ये."

ते नामंजुरीचं पत्र फर्गलच्या खिशात होतं. त्याने माझ्या तोंडावरच्या ताज्या अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"आभारी आहे, मालक," तो म्हणाला. "चहा घेणार?"

मित्रांनो, मला जवसाचं तेल लावा, ओलीत ठेवू नका, असं मी सांगायला हवं. पण मी आणखी शंभर वर्षं टिकेन. तेवढं मला चालवणाऱ्या माणसाकडे बघा. त्याचं नाव वेळेवर ठोका. आणि तुमचं नाव कुणी ठोकत नसेल, तर चहा थंड होऊ द्या, पण मागा.