गोणीचं पाऊल

भिंतीला टेकवून उभं केलं की पोर एवढंच करायची. समोर बघायची, खालचा ओठ पुढं काढायची आणि गुडघे दुमडून बूड टेकायची. पडायची नाही, बसायची. पाहुण्यानं सतरंजीवर ऐसपैस बसावं तशी.

"झालं. बसली," तिची आई, कलमवाली, म्हणाली. पोरीला भुलवायला आणलेला कलमाचा इवलासा लाल चिमटा तिनं ओट्यावर टाकला.

"दे इकडं तो," सासू आतून म्हणाली. "गिळेल आणि बसशील बोंबलत."

"गिळायला तरी दोन पावलं पुढं यावं लागेल ना, आई."

पोरीला वर्ष होऊन दोन महिने झाले होते. दात सहा आले होते, 'बा' म्हणता येत होतं, रांगण्यात तर मांजराला मागं टाकेल. पण पाऊल म्हणून नाही. ठेवलं तिथं बसते म्हणून बापानं तिला गोणी म्हणायला सुरुवात केली. ते नाव शेजारणींनी उचललं आणि आता कुणी विचारायचं झालं तरी "गोणी उभी राहिली का?" असंच विचारत.

कलमवालीला ते नाव टोचायचं. ती गावाबाहेरच्या रोपवाटिकेत कलमं बांधायची. रानवांग्याच्या खुंटावर टोमॅटोचा कोवळा शेंडा बसवायचा. पात्यानं तिरका काप द्यायचा, कापाला काप जुळवायचा आणि वर नखाएवढा चिमटा लावायचा. तिची दहातली नऊ कलमं जगत. मुकादम बाकीच्या बायांना म्हणायचा, "जरा हिच्या हातांकडं बघा आणि तोंडं बंद ठेवा." त्यामुळं त्या बाया तिच्याशी निम्मंच बोलत आणि जे बोलत त्यात गोणीची चौकशी असायचीच. दुसऱ्याच्या शेतात जायची रोपं हिच्या हातून चार दिवसांत मान ताठ करून उभी राहत. पोटची पोर मात्र बूड टेकून बसली होती.

त्या दिवशी सकाळी तिचं डोकं आधीच फिरलेलं होतं. नर्सबाई शाळेच्या ओट्यावर मुलांची वजनं करायला आली होती. "अजून पाऊल नाही?" तिनं सगळ्यांसमोर विचारलं. "घाबरू नका, बहुतेक काही नसेल. पण मोठ्या डॉक्टरांना दाखवून घ्या."

"दाखवायला गेलं म्हणजे एक दिवस मोडला," नवरा म्हणाला. तो गावातल्या विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. आत्ताही मांडीवर कुणाचा तरी पंप उघडून बसला होता. "आणि हंगामात मुकादम सुट्टी देईल का तुला?"

"देईल नाही तर हाकलेल. तुमची काय सूचना आहे?"

"माझी काही सूचना नाही. चालेल की. मीही उशिराच चाललो होतो. काय गं आई?"

 सासूनं गोणीला उचलून मांडीवर घेतलं आणि उगाच तिचे पाय चोळायला लागली.

"आणि त्या हौदाचं काय?" कलमवालीनं विचारलं.

अंगणात जमिनीसरसा हौद होता, भाजीच्या वाफ्यांना पाणी द्यायला बांधलेला. पुरुषभर खोल. पावसाळा गेल्यापासून तो उघडाच होता. गावातल्या साऱ्या मोटारी सुरू करून देणाऱ्या माणसाला स्वतःच्या हौदावर झाकण टाकायला सवड मिळत नव्हती.

"हौदाचं काय? ती चालत नाही तोवर हौद काय तिला खातोय?"

"रांगते ना."

"रांगती पोर आई धरते. उद्या बसवतो झाकण."

"तुमचा उद्या म्हातारा झाला. मी महिन्यापूर्वीच सांगितलंय. ही चालायला लागली आणि हौद असाच राहिला, तर मी काम सोडून घरी बसणार. आईंच्या गुडघ्यांनी हिच्यामागं पळणं होणार नाही."

"मग न चालण्यातच सगळ्यांचं भलं आहे की," तो हसला. त्या हसण्याला घरात दुसऱ्या कुणी साथ दिली नाही.

मुकादमानं सुट्टी दिली, पण कशी, तर उपकार केल्यासारखी. "जा बाई, पोरीपुढं आम्ही काय बोलणार. तुझी कलमांची मांडणी दुसरीला देतो तोवर." ती दुसरी कोण ते तिला माहीत होतं. तिची दहातली पाच जगत.

निघताना सासू म्हणाली, "कशाला जातेस इतक्या उन्हात? लेकराला झळ लागेल. आणखी चार दिवस थांब."

"वर्ष झाल्यापासून तुम्ही चार-चार दिवसच सांगताय."

"बरं, मग मीही येते."

"तुमच्या गुडघ्यांना जीपचे धक्के सोसतील?"

"सोसतील. ती एकटी रडेल."

"एकटी कशी? मी आहे ना."

यावर म्हातारीनं पदर डोक्यावर ओढला आणि जीपमध्ये जाऊन बसली.

दवाखान्यात दुपारपर्यंत रांग होती. पंखा फिरत होता, पण वारा छतालाच लागत होता. आत एकाच मोठ्या माणसाला सोडायचे, म्हणून सासू बाहेरच्या बाकावर बसली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि सकाळपासून बोलून त्यांचा घसा बसला होता. त्यांनी गोणीला आडवं केलं, मांड्या फाकवून पाहिल्या, तळव्यावर बोट ओढलं, पाठीवरून हात फिरवला.

"पाय तर चांगले दणकट आहेत. ठेवा बघू खाली."

कलमवालीनं ठेवलं. गोणीनं ओठ पुढं काढला आणि बसली.

"बघा, हे असं," कलमवाली म्हणाली. आता डोळे भरून येतील म्हणून ती भिंतीवरच्या तक्त्यात बघायला लागली. "मी पहाटे अंधारात जाते आणि दिवेलागणीला येते. मला बघितलं की हात वर करते, खाली उतरतच नाही. मालिश केली. भिंतीला धरून उभी केली. चिमटा दाखवला. बाई, माझंच काही चुकलं असेल तर तेही सांगा."

तेवढ्यात दाराचा पडदा हलला आणि म्हातारीचं डोकं आत डोकावलं. नुसतं बघायला.

गोणी तिला बघून हसली. दोन्ही हात जमिनीला टेकवून तिनं बूड वर केलं आणि उभी राहिली. आणि चालायला लागली. ना अडखळली, ना कशाला धरलं. टेबलाच्या पायाला वळसा घालून ती थेट दाराशी गेली. दाराबाहेर एक पायरी होती. पायरीशी गोणी थांबली, पाठमोरी झाली, पोटावर पालथी पडली, एक पाय खाली सोडून जमीन चाचपली, मग दुसरा सोडला आणि उभी राहून पुन्हा चालायला लागली. जाऊन बाकाकडं मागं सरलेल्या आजीच्या साडीत तोंड खुपसलं.

डॉक्टरीणबाई हसल्या, पण त्यांचं लक्ष बाहेरच्या रांगेवर होतं. "अहो बाई, ही आजची चाल नाही. पायरी उलटं उतरायला कुणीतरी शिकवलंय हिला. नुसत्या चालण्यानं ते येत नाही. माझा वेळ घेतलात तो घेतलात, वर तिला उन्हातनं आणलंत."

 पोर चालली होती. नवससायास करावेत असं जे तिला हवं होतं ते तिच्या डोळ्यांपुढं झालं होतं, आणि तिला आनंद करायलाही जागा उरली नव्हती. बाहेर म्हातारी गोणीला कडेवर घेऊन जमिनीकडं बघत उभी होती. तिच्या चेहऱ्यावर जरासुद्धा नवल नव्हतं.

 जीपमध्ये शेजारी एक बाई सगळ्या वाटभर आपल्या लेकाच्या लग्नाचं सांगत होती, ते दोघींनी आलटून पालटून हुंकार देत ऐकलं.

गावाच्या फाट्यावर जीपनं सोडलं. तिथून घरापर्यंत दीड मैल गाडीवाट. दोन्हीकडं नांगरून टाकलेली रानं, ढेकळं उन्हानं पांढरी पडलेली. वावटळ उठून धूळ डोळ्यांत जात होती.

"कधीपासून?" कलमवालीनं विचारलं.

"काय कधीपासून?"

"आई."

म्हातारी थोडं चालली. मग म्हणाली, "झाले असतील तीनेक आठवडे."

"तीन आठवडे. मी रोज रात्री पाय चोळत होते हिचे."

"मग काय झालं, चोळलेले पाय वाया जात नाहीत."

"मला का नाही सांगितलंत?"

"कसं सांगू? तूच म्हणालीस ना, ही चालली की काम सोडीन. तुमच्या गुडघ्यांनी होणार नाही, म्हणालीस. माझ्यासमोर म्हणालीस."

"मी ते त्यांना म्हणाले होते. झाकण बसवावं म्हणून."

"मला काय ठाऊक कुणाला म्हणालीस? ऐकलं मी." म्हातारी आता थांबलीच. "तू काम सोडलं असतंस आणि जन्मभर मला ऐकवलं असतंस, तुमच्या गुडघ्यांपायी सोडलं म्हणून. आणि तू घरात बसल्यावर पोर तुझ्याकडंच राहणार. मग मी काय भिंतीशी बोलू? शिवाय तुझ्या हाताचं सगळे नाव काढतात, ते बरं वाटतं मला. सांगितलं नाही तुला कधी."

हे शेवटचं तिनं भांडल्यासारख्या आवाजातच सांगितलं.

"आणि हौद? हौदात गेली असती म्हणजे?"

"जाईल कशी? जुन्या साडीची पट्टी हिच्या कमरेला आणि दुसरं टोक माझ्या मनगटाला. बघ." तिनं बांगड्या वर सारल्या. मनगटाला रुंद वळ होता. "दिवसभर फिरवते मला बैलासारखी. तू यायच्या वेळेला सोडते आणि मांडीवर घेते."

कलमवालीनं त्या वळाकडं बघितलं. 

"पहिलं कसं टाकलं?" तिनं विचारलं.

"काय?"

"पाऊल. पहिलं. कसं टाकलं?"

"बादलीला धरून उभी होती. मी धान्य निवडत होते. बादली सोडली. तीन पावलं टाकली. माझ्या सुपात येऊन बसली, सगळं धान्य सांडलं."

"मग?"

"मग काय, मी इकडंतिकडं बघितलं. हाक मारावी म्हटलं, तर कुणी नव्हतंच. एकटीच हसले."

"कुठला वार होता?"

"वार कुठं लक्षात ठेवू मी?"

"आई, वार तरी लक्षात ठेवायचा होतात." आणि आता मात्र कलमवाली रडली. रागानंच रडली, नाक पदरानं पुसत. मग तिनं सासूच्या कडेवरून गोणीला घेतलं आणि वाटेवर खाली ठेवलं.

"चाल," ती म्हणाली.

"अगं, दीड मैल आहे."

"असू दे. मला बघायचंय."

गोणीनं आधी हात वर केले. आई वाकली नाही. गोणीनं ओठ काढून पाहिला, तरी आई वाकेना. मग ती वळली आणि चालायला लागली.

एवढीशी पोर चालते म्हणजे काय, ते तिच्यामागं चालल्याशिवाय कळत नाही. चार पावलं पुढं, मग एक खडा. खडा तोंडात, आजीचं बोट तोंडात, खडा बाहेर. सहा पावलं पुढं, मग मुंगळ्यासाठी बैठक. मग आली त्याच वाटेनं दहा पावलं परत, कारण तिथं एक काडी दिसली होती. वाटेत आडवा पाट आला. गोणी पाठमोरी झाली, पालथी पडली आणि उतरली. कलमवालीनं ते दुसऱ्यांदा बघितलं. आजीनं मान फिरवून घेतली, पण ती हसत होती हे पाठीमागूनही कळत होतं.

दूधवाला मोटारसायकल थांबवून म्हणाला, "वहिनी, लेकराला पुढं बसवा, सोडतो घरी."

"नको, भाऊजी. चालतोय आम्ही."

"अशानं सकाळ होईल."

"होऊ दे."

उन्हं कलली तेव्हा निम्मीच वाट सरली होती. म्हातारी बांधावर टेकली आणि गुडघे दाबायला लागली. "मला तरी सूट दे. म्हातारं माणूस आहे."

"तुम्हीच शिकवलंय ना चालायला."

"शिकवलं ती चूक झाली. बास?"

"चूक ती नाही झाली," कलमवाली म्हणाली. पण तिनं हात दिला आणि म्हातारीला उठवलं.

समोरून नवऱ्याची मोटारसायकल आली. इतका उशीर का म्हणून तो शोधायला निघाला होता. गाडी अर्ध्यावरच थांबवून तो बघत राहिला, एक पाय जमिनीवर टेकून.

"अगं, ही चालतेय की. कधीपासून?"

 म्हातारीनं सुनेकडं बघितलं. तिला वाटलं, आता निघणार सगळं बाहेर, पट्टीसकट.

"आता चालतेय एवढं खरं," कलमवाली म्हणाली. "उचलू नका तिला. गाडी वळवा आणि झाकण आणा."

"आत्ता? वेल्डिंगवाला दुकान बंद करून—"

"त्याच्या घरी जा. झाकण बसलं की मी उद्या कामाला जाते. नाही बसलं, तर तुम्ही हिला घेऊन हौदाच्या काठावर बसायचं, आणि मोटारींचं काय ते गावाला सांगायचं. आईंच्या गुडघ्यांवर आता काही ढकलायचं नाही."

नवऱ्यानं आईकडं बघितलं. म्हातारी म्हणाली, "माझ्याकडं काय बघतोस. ती सांगतेय ना."

त्यानं आणखी थोडा वेळ काढून पाहिला, घड्याळ बघितलं, चाकात अडकलेला काटा उगाच काढला. मग गाडी वळवली. धूळ खाली बसेपर्यंत दोघी त्याच्या पाठीकडं बघत राहिल्या.

"आणेल का?" म्हातारीनं विचारलं.

"नाही आणलं तर उद्या काठावर बसेल."

या बोलण्याच्या नादात गोणी वीस पावलं पुढं गेली होती. वाट सोडून ती नांगरटीत शिरली होती. ढेकळावर पाय पडला की बसत होती, उठत होती आणि दर वेळी आणखी आत जात होती. मागं कोण येतंय ते तिनं एकदाही बघितलं नाही.

"धर गं तिला," म्हातारी ओरडली.

"तुम्ही धरा. तीन आठवड्यांची सवय आहे तुम्हाला."

मग दोघीही उतरल्या रानात, एक रागानं आणि एक गुडघ्यांनी अडखळत, आणि दोघींच्याही हाती ती लवकर लागेना.