हरिबाचं चाडं

१९६९ साली मी हैदराबादेत निजामाच्या काळातली पेटंटची जुनी दप्तरं तीन दिवस उपसली. माझा आजा हरिबा भालकीजवळच्या मेहकरचा सुतार. पेरताना बाया ज्यात मुठीनं बी सोडतात, ते लाकडी चाडं तो करायचा. आजीची बोटं आखडली, तेव्हा त्यानं आपोआप बी सोडणारं चाडं बनवलं.

त्याचा अर्ज सापडला. खाली उर्दूत शेरा होता: नमुना आला नाही, अर्ज रद्द.

भालकीपर्यंत मी आजावर चडफडत आलो. घरात शिरताच वडिलांना, अप्पांना विचारलं, "आजानं नमुना कामून धाडला न्हाई?"

अप्पांनी रंधा खाली ठेवला. "त्याच हप्त्यात माय गेली. तिची वस्तू तिच्यासंगं म्हणून त्यानं चाडं चितेवर ठिवलं. दुसरं करा म्हणलं, तर म्हणाला, कुणासाठी?"