डावरी गाठ

भीमानं जाळ्यात हात घालून कुरव पक्ष्याचे पंख मिटवले आणि त्याचा लाल पाय उजेडात धरला. पायात ॲल्युमिनियमचं कडं होतं, त्याच्या वर निळ्या सुताची गाठ. गाठ डावऱ्या हाताची होती. अशी गाठ घालणारा हिप्परग्याच्या तळ्यावर एकच होता, तिचा भाऊ जोतीराम.

दुष्काळानंतर तळं भरलं तेव्हापासून कॉलेजचे सर हिवाळ्यात मुलांना घेऊन हे समुद्राकडचे पाहुणे धरत, कडं घालत आणि सोडून देत. दुरून ओळखायला सूत बांधायची शक्कल सरांकडे कामाला असलेल्या जोतीरामची. मागच्या हिवाळ्यात अडकलेलं जाळं सोडवायला तो पाण्यात उतरला आणि वर आलाच नाही. देहही सापडला नाही. त्याच्या जागी आता भीमा कामाला येई. आता वडिलांनी, रावजींनी, देहाच्या जागी जाळायला दर्भाचा पुतळा करून ठेवला होता. उद्या त्याचं दहन करायचं होतं.

सर म्हणाले, गेल्या वर्षीचाच पक्षी असेल. भीमाला पटेना. तो रंग दोन धुण्यांत विटतो, हे विणकरांच्या भवानी पेठेतलं शेंबडं पोरही सांगेल. हा तर ताजा निळा. भाऊ कुठंतरी जिवंत आहे या आशेनं तिला वेड लागायचं तेवढं बाकी होतं. तिनं निळं सूत कापलं, स्वतःच्या उजव्या हातानं लाल बांधलं आणि पक्षी सोडला. घरी येऊन दहन थांबवायला लावलं. रावजी चिडले, पण थांबले.

आठवड्यानं तोच कुरव जाळ्यात आला. सूत तिचंच, लाल. गाठ मात्र डावरी.

पक्षी पिशवीत घालून तिनं सायकल घराकडे हाणली. रावजी गिरणीत माग चालवणारे. गाठीवरून हात ओळखत. त्यांनी गाठीवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला काळा, थंडगार गाळ लागला. असा गाळ तळ्याच्या पार तळाशी असतो, आणि कुरव तर बुडी मारत नाही, मासा वरच्या वर टिपतो.

"दादाच हाय न्हवं?" भीमानं विचारलं. "जित्ता हाय की."

रावजींनी अंगठा धोतराला पुसला.

"त्योच हाय. अजून कामावर हाय पोरगं. उद्या जाळू पुतळा. त्याला सुट्टी द्याया पायजे. आन् तू आता सूत बांधू नगंस, बाई. तुजं सूत दिसलं की त्यो थांबतोय."

भीमा रडली. मग तिनं कात्री आणली, लाल सूत कापलं आणि कुरव अंगणातूनच सोडला.